सह्याद्रीतील जलविद्युत् योजना : नदीप्रवाहांचे वळण व त्याचे पर्यावरणीय परिणाम

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी अडवून, ते पाट, बोगदे व दाबनळ यांवाटे पश्चिमेकडील कोकणात सोडून वीज निर्माण करणाऱ्या योजना आणि त्यांमुळे नद्या, भूमी, वने व लोकवस्ती यांवर झालेले परिणाम. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही टाटा कंपन्यांची विद्युत् केंद्रे आणि १९६२ पासून टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झालेला कोयना प्रकल्प या महाराष्ट्रातील अशा प्रमुख योजना होत. सामान्य जलविद्युत् योजनेत जनित्रे फिरवून झाल्यावर पाणी त्याच नदीला परत मिळते. या योजनांत मात्र पाणी एका नदीखोऱ्यातून कायमचे बाहेर पडते व दुसऱ्या खोऱ्यात जाते. त्यांचे बहुतेक विशिष्ट परिणाम या एका गोष्टीतून उद्‌भवलेले आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी : सह्याद्रीची मुख्य रांग अरबी समुद्रापासून साधारणपणे ५० ते ८० किमी. अंतरावर आहे. तिचा पश्चिम उतार कड्यांचा व पूर्व उतार मंद आहे. त्यामुळे माथ्यावर पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग जवळचा समुद्र सोडून पूर्वेकडे वळतो आणि भीमा, कृष्णा व गोदावरी या नद्यांवाटे १,००० किमी.हून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून माथ्यावर विपुल पाऊस पडतो. महाबळेश्वर येथे त्याचे वार्षिक प्रमाण ५,५०० मिमी.हून अधिक असते. तेथून पूर्वेस हे प्रमाण झपाट्याने घटत जाते. सु. १०० किमी. अंतरावरील माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यच्छायेतील तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम ५०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व तोही बेभरवशाचा असतो. या कोरड्या प्रदेशाच्या दृष्टीने माथ्यावरून पूर्वेकडे येणाऱ्या नद्या हाच पाण्याचा खात्रीचा आधार होय.

कोयना नदी महाबळेश्वर येथे उगम पावते. ती सु. ६५ किमी. अंतर सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. हेळवाकच्या वळणापाशी नदीचे पात्र व कोकणातील सखल भूमी यांमध्ये डोंगराची केवळ एक अरुंद भिंत आहे; मात्र दोहोंच्या पातळ्यांत जवळजवळ ५०० मी.चे अंतर आहे. हीच रचना उत्तरेकडे मुळशी व लोणावळे परिसरातही आढळते. पाणी उंचावरून जितके खाली पडेल तितकी अधिक वीज मिळते. एक घनमीटर पाणी सु. ४७५ मी. उंचीवरून टरबाइनवर सोडल्यास साधारणपणे एक किलोवॉट-तासाहून थोडी अधिक वीज मिळते. तेच पाणी १०० मी. उंचीच्या धरणाच्या पायथ्याशी सोडून नदीला परत दिले, तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीही वीज मिळत नाही. पाणी पश्चिमेकडे वळविण्यामागील सर्व आर्थिक तर्क या फरकात सामावलेला आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील कापड गिरण्या वाफेच्या एंजिनांवर चालत. त्यांना लागणारा कोळसा दुरून आणावा लागे व तो महाग पडे. शिवाय गिरण्यांच्या धुराचा शहराला उपद्रव होत असे. घाटमाथ्यावरील पाण्यापासून वीज निर्माण करून ती मुंबईस पुरविण्याची कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. त्यांच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. इंद्रायणीच्या खोऱ्यात लोणावळे, वळवण व शिरवटा हे तलाव बांधण्यात आले. त्यांचे पाणी घाटाच्या कडेपर्यंत पाटांनी आणून सु. ५०० मी. खाली खोपोली येथे सोडण्यात आले. हे केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाले व तेथील अवजल (टरबाइनमधून बाहेर पडलेले पाणी) पाताळगंगा नदीस मिळाले. त्यानंतर आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरी येथे उल्हास नदीच्या खोऱ्यात, तर मुळा व निळा यांच्या संगमावरील मुळशी धरणाचे पाणी भिरा येथे कुंडलिका नदीत सोडण्यात आले. भीमेच्या खोऱ्यातील तीन उपनद्यांचे पाणी अशा रीतीने बारा वर्षांच्या कालावधीत कोकणाकडे वळले. त्या काळी यात काही वावगे आहे असे शासनास किंवा कंपनीस वाटले नाही. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी 'वाया' जाते व ते उपयोगात आणणे हा निव्वळ लाभ होय, असा तत्कालीन अभियांत्रिकीचा दृष्टिकोन होता.

या दृष्टिकोनास पहिला संघटित विरोध मुळशी पेट्यात झाला. धरणाखाली सु. ५० गावांची भातशेती जाणार होती. भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी केले. 'जान किंवा जमीन' ही या लढ्याची घोषणा होती. जमिनींवर हक्क असलेल्या सावकारांपैकी अनेकांनी नुकसानभरपाई स्वीकारल्याने प्रत्यक्ष कसणाऱ्यांचा पक्ष दुबळा झाला आणि १९२४ च्या अखेरीस लढा संपुष्टात आला. सत्याग्रह अयशस्वी झाला, तरी मोठ्या धरणाची किंमत कोण देतो, हा प्रश्न त्याने देशात प्रथमच जाहीरपणे उपस्थित केला. हा प्रश्न मुख्यत्वे जमिनीचा होता. खोऱ्याबाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मात्र त्या वेळी फारसा चर्चिला गेला नाही.

कोयनेच्या खोऱ्याची पाहणीही टाटा कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी केली होती. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक अडचणींमुळे ती योजना मागे पडली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याने ती हाती घेतली व १९५४ मध्ये कामास प्रारंभ झाला. हेळवाकजवळ, आजच्या कोयनानगर येथे, १०३ मी. उंचीचे व सु. ८०० मी. लांबीचे दगडी-काँक्रीटचे धरण बांधण्यात आले. त्यामागील जलाशयास 'शिवाजीसागर' असे नाव देण्यात आले. त्याची मूळ साठवणक्षमता ९८·७८ अब्ज घनफूट (सु. २,८०० दशलक्ष घनमीटर) होती व पुढे ती १०५·२५ अब्ज घनफुटांपर्यंत वाढविण्यात आली. जलाशयातील पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळी (ता. चिपळूण) येथील भूमिगत विद्युत् केंद्रात नेण्यात आले. तेथील पहिले जनित्र १९६२ मध्ये सुरू झाले. पोफळीचे अवजल कोळकेवाडी येथे पुन्हा अडवून त्यावर तिसरा टप्पा उभारण्यात आला. प्रत्येकी २५० मेगॅवॉटची चार जनित्रे असलेला चौथा टप्पा विसाव्या शतकाच्या अखेरीस कार्यान्वित झाला. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी पाण्याखालूनच खडक फोडून बोगदा जलाशयास जोडण्यात आला. असाच दुसरा 'लेक टॅपिंग'चा प्रयोग २५ एप्रिल २०१२ रोजी, जलाशयातील आणखी खालच्या पातळीवरील पाणीही वापरता यावे म्हणून करण्यात आला. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगॅवॉट झाली. यापैकी केवळ ४० मेगॅवॉट क्षमतेची जनित्रे धरणाच्या पायथ्याशी असून त्यांतून सोडलेले पाणीच कोयना नदीला परत मिळते.

बुडीत क्षेत्र व विस्थापन : शिवाजीसागर जलाशय कोयनेच्या दरीत उत्तर-दक्षिण असा सु. ५० किमी. पसरला आहे. डोंगराळ मुलुखात सपाट व कसदार जमीन नदीकाठीच असते व धरणात प्रथम तीच बुडते. कोयनेच्या दरीतही हेच घडले. सु. १०० गावे पूर्णतः वा अंशतः बाधित झाली. त्यांतील लोकांना सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत व काहींना कोकणात जमिनी देण्यात आल्या. भात व नाचणी पिकविणाऱ्या, अतिपर्जन्याच्या प्रदेशातील लोकांना अवर्षणप्रवण पठारावर ज्वारीची शेती करणे भाग पडले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा सर्वंकष कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला, म्हणजे जलाशय प्रथम भरल्यानंतर दशकाहून अधिक काळाने. त्यामुळे कोयनेच्या धरणग्रस्तांची जमिनीची प्रकरणे पुढील पिढ्यांपर्यंत रेंगाळली.

वन्य जीवन : बुडालेल्या क्षेत्रात सह्याद्रीच्या पायथ्याकडील व नदीकाठची सदाहरित व निमसदाहरित वने होती. ती कायमची नष्ट झाली. दुसरीकडे, जलाशयामुळे त्याच्या पश्चिम तीरावरील डोंगरपट्टीचा पूर्वेकडील वस्तीशी असलेला संबंध तुटला. तेथील गावांना होडीशिवाय सोयीस्कर मार्ग उरला नाही, बरीच वस्ती ओस पडली आणि पूर्वी फिरत्या शेतीखाली असलेल्या उतारांवर वने पुन्हा वाढली. या पट्टीचा समावेश असलेले सु. ४२३ चौ. किमी. क्षेत्र १९८५ मध्ये कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले. चांदोलीसह ते २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले. धरणामुळे एक वन गेले व दुसरे राखले गेले, असा हा संमिश्र परिणाम आहे. मात्र मागे राहिलेल्या गावांच्या वाट्यास प्रथम जलाशयामुळे आलेला एकाकीपणा व नंतर अभयारण्याचे निर्बंध अशी दुहेरी अडचण आली.

भूकंप : कोयना परिसर भूशास्त्रीय दृष्ट्या स्थिर अशा द्वीपकल्पीय ढालप्रदेशात येतो. १९६२ मध्ये जलाशय भरू लागल्यानंतर तेथे सूक्ष्म भूकंपांचे धक्के वारंवार जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वा. २१ मिनिटांनी ६·३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात १८० ते २०० माणसे मृत्युमुखी पडली व कोयनानगरमधील बहुतेक घरे कोसळली. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. विद्युत् निर्मिती थांबल्यामुळे मुंबईचा वीजपुरवठाही विस्कळित झाला. धरण मात्र फुटले नाही. पुढे त्याच्या सांडव्याव्यतिरिक्त भागास मागील बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट करण्यात आले.

जलाशयामुळे उद्‌भवलेल्या भूकंपांपैकी हा जगातील सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. केवळ पाण्याच्या वजनाने असा भूकंप होत नाही. खडकांतील भेगांमधून पाणी खोलवर झिरपते, तेथील छिद्रदाब वाढतो आणि मुळातच ताणाखाली असलेल्या विभंगावरील घर्षण कमी होऊन खडक सरकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पावसाळ्यात पाण्याची पातळी किती वेगाने वाढते, ती किती उंचीपर्यंत जाते व तेथे किती काळ टिकते, यांचा धक्क्यांच्या संख्येशी संबंध असल्याचे आढळले आहे. दक्षिणेकडील वारणा जलाशय १९८५ नंतर भरू लागल्यावर भूकंपक्षेत्र त्या दिशेने विस्तारले. या घटनेच्या अभ्यासासाठी कराड येथे संशोधन केंद्र स्थापन करण्यात आले असून दक्षिण ट्रॅपचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटी खडकांपर्यंत सु. ३ किमी. खोलीचे वेधनछिद्र घेण्यात आले आहे. हा परिणाम पाणी वळविण्याचा नसून ते साठविण्याचा आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पाणी पूर्वेकडे सोडले असते तरी जलाशय असताच व भूकंपाचा संभवही टळला नसता. [⟶ भूकंप].

पूर्वेकडील खोऱ्यांवरील परिणाम : वळविलेल्या पाण्याचा प्रश्न मुख्यत्वे या खोऱ्यांचा आहे. कृष्णेच्या पाण्यासंबंधी महाराष्ट्र, कर्नाटक (तत्कालीन म्हैसूर) व आंध्र प्रदेश या राज्यांमध्ये वाद निर्माण झाल्याने १९६९ मध्ये न्या. आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. त्याचा निर्णय १९७३ मध्ये व पुढील अहवाल १९७६ मध्ये जाहीर झाला. पश्चिमेकडे पाणी वळविण्यास खालच्या राज्यांनी आक्षेप घेतला होता. लवादाने चालू योजना बंद केल्या नाहीत. परंतु त्यांवर मर्यादा घातली. कोयनेतून वर्षाला ६७·५ अब्ज घनफूट व टाटा योजनांतून कोणत्याही पाच सलग वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट, म्हणजे सरासरी ४२·४ अब्ज घनफूट, याहून अधिक पाणी खोऱ्याबाहेर नेता येणार नाही असे ठरले. कोयनेची मर्यादा काही वर्षांच्या संक्रमणकाळानंतर पूर्णतः अंमलात यावयाची होती.

हे वळविलेले पाणी महाराष्ट्राच्या वाट्यास आलेल्या ५६० अब्ज घनफुटांतूनच मोजावयाचे होते, हा या निर्णयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. दोन्ही आकड्यांची बेरीज सु. ११० अब्ज घनफूट होते. म्हणजे कृष्णा खोऱ्यातील राज्याच्या वाट्याचा जवळजवळ एक पंचमांश भाग शेतीस वा पिण्यास उपयोगी न पडता प्रथम विजेसाठी खर्ची पडतो. लवादापूर्वी पश्चिमेकडे जाणारे पाणी हे समुद्रास मिळणाऱ्या अतिरिक्त पाण्यातून घेतलेले आहे असे म्हणता येत होते. लवादानंतर ते माण, सांगोले, जत, मंगळवेढे या तालुक्यांच्या हिश्शातून घेतलेले आहे असे म्हणणे भाग पडले. धरणाची जागा किंवा पाण्याचा मार्ग यांत कोणताही बदल न होता पाण्याचे मोल मात्र बदलले.

याचा परिणाम सर्वत्र सारखा नाही. कोयना जलाशयातून उन्हाळ्यात पूर्वेकडेही पाणी सोडले जाते व त्यामुळे कोयना व कृष्णा यांच्या पात्रांतील उन्हाळी प्रवाह धरणापूर्वीच्या तुलनेने अधिक नियमित झाला आहे. कराडजवळील टेंभू आणि सांगली जिल्ह्यातील ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजना बव्हंशी याच पाण्यावर अवलंबून आहेत. या योजनांत नदीतील पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून अवर्षणग्रस्त पठारावर नेले जाते व त्यास मोठ्या प्रमाणावर वीज लागते. एकाच जलाशयाचे पाणी एका बाजूस खाली सोडून वीज मिळवावयाची आणि दुसऱ्या बाजूस वीज खर्चून ते वर चढवावयाचे, असे हे सह्याद्रीच्या दोन उतारांचे अर्थकारण आहे. विजेचा दर ज्यांना परवडत नाही अशा लाभक्षेत्रांत पंप बंद ठेवण्याची वेळ अनेकदा आलेली आहे.

भीमेच्या खोऱ्यात स्थिती अधिक विकट आहे. टाटा योजनांचे तलाव नदीच्या अगदी उगमाकडील, सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात आहेत. त्यांखालील प्रदेशात पुणे व पिंपरी-चिंचवड ही वाढती शहरे, शेतीचे कालवे आणि सोलापूर जिल्ह्यास पाणी पुरविणारे उजनी धरण असे सर्व दावेदार उरलेल्या पाण्यावर अवलंबून आहेत. अवर्षणाच्या वर्षांत, विशेषतः २०१५-१६ च्या दुष्काळात, हे पाणी पूर्वेकडे सोडावे अशी मागणी जोराने पुढे आली. पावसाळ्यातील मोठे प्रवाह माथ्यावरच अडविले गेल्याने पात्र धुऊन निघण्याची नैसर्गिक क्रियाही मंदावते. शहरांचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या मुळेसारख्या नदीस ही उणीव अधिकच जाणवते.

पश्चिमेकडील नद्यांवरील परिणाम : कोकणातील नद्या आखूड व वेगवान आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात व उन्हाळ्यात भरतीच्या मर्यादेवरील त्यांचे पात्र जवळजवळ कोरडे पडते. नदीतील मासे व इतर जीव, खाडीतील मिठाचे चढउतार आणि काठची शेती या लयीशी जुळलेली होती. अवजलामुळे पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका व वाशिष्ठी या नद्या बारमाही झाल्या. भिऱ्याचे अवजल कोलाडजवळ अडवून त्यावर कालवे काढण्यात आले व रायगड जिल्ह्यात दुसरे पीक घेता येऊ लागले. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आदी शहरांच्या पाणीपुरवठ्यास उल्हास नदीतील अवजलाचा आधार झाला.

बारमाही गोड्या पाण्याने कारखान्यांनाही आकर्षित केले. पाताळगंगेच्या काठी रसायनी, कुंडलिकेच्या काठी रोह्याजवळ धाटाव व वाशिष्ठीच्या परिसरात लोटे-परशुराम येथे रासायनिक उद्योगांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वर्षभर पाणी घेता येते व वर्षभर सांडपाणी सोडता येते, हा त्यामागील एक हिशोब होता. परिणामी कुंडलिका व दाभोळ या खाड्यांत मासे मरण्याच्या घटना आणि मच्छीमारांच्या तक्रारी वारंवार नोंदल्या गेल्या. नदी बारमाही झाल्याचा लाभ अशा रीतीने पिण्याच्या पाण्यास व कालव्यांना मिळाला, तर त्याच बारमाही प्रवाहावर आलेल्या प्रदूषणाची झळ खाडीवर जगणाऱ्यांना सोसावी लागली.

अवजलाचा प्रवाह निसर्गाच्या नव्हे, तर विजेच्या मागणीच्या तालावर चालतो. मागणी वाढते तेव्हा पाणी सोडले जाते व रात्री ते कमी होते. त्यामुळे पात्रातील पातळी एकाच दिवसात अनेकदा वरखाली होते. अंडी घालण्यासाठी स्थिर उथळ पाण्याची आवश्यकता असणाऱ्या माशांना असा प्रवाह प्रतिकूल ठरतो. काठांची धूप होते व पात्रात उतरणाऱ्यांना धोका संभवतो. चिपळूण शहरास २६ जुलै २००५ च्या सुमारास व पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी महापुराचा तडाखा बसला. कोळकेवाडी जलाशयातून सुटणाऱ्या पाण्याचा त्यात किती वाटा होता याविषयी तीव्र वाद झाला. अतिवृष्टी, खाडीतील भरती आणि गाळाने भरलेले वाशिष्ठीचे पात्र ही कारणे त्या वेळी प्रामुख्याने पुढे आली व त्यानंतर नदीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. अतिरिक्त पाणी वाहून आणणाऱ्या नदीची वहनक्षमता राखणे हा योजनेचाच भाग असावयास हवा होता, ही जाणीव या पुराने करून दिली.

पाणी परत वळविण्याचा प्रश्न : अन्यत्र वळविलेले पाणी नदीस परत देण्याचे प्रयत्न झालेले आहेत. ऑस्ट्रेलियात १९४९ ते १९७४ या काळात उभारलेल्या स्नोई पर्वत योजनेने स्नोई नदीचे जिंडाबाइन येथील जवळजवळ ९९ टक्के पाणी पश्चिमेकडील खोऱ्यांत वळविले. त्यामुळे नदीचे पात्र झाडाझुडपांनी व गाळाने भरले आणि मुखाकडील खाऱ्या पाण्याने आत प्रवेश केला. दीर्घ लोकचळवळीनंतर २००२ मध्ये तेथील शासनांनी नदीस मूळ प्रवाहाच्या २१ टक्के व अखेरीस २८ टक्के पाणी देण्याचे मान्य केले. सह्याद्रीत हा मार्ग तितका सरळ नाही. तेथे पाणी घेणाऱ्या बाजूसही आता शहरे, कालवे व कारखाने अवलंबून आहेत. पाणी पूर्वेकडे वळविल्यास नवे वंचित निर्माण होतील. दुसरीकडे, पावसाची कमतरता नसलेल्या कोकणात अवजलाचा बराच भाग वापराविना समुद्रास मिळतो, हेही खरे आहे. हे अवजल मुंबईकडे नेण्याच्या योजना वेळोवेळी सुचविण्यात आल्या आहेत.

विजेच्या बाजूने पाहता परिस्थिती बदलली आहे. १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना किंवा १९६२ मध्ये नव्या महाराष्ट्र राज्याला घाटातील पाण्याइतका स्वस्त पर्याय नव्हता. पुढे औष्णिक, वायू, सौर व पवन विजेमुळे या योजनांचा एकूण निर्मितीतील हिस्सा घटला. मात्र मागणीच्या ऐन वेळी क्षणार्धात सुरू करता येणारी वीज म्हणून त्यांचे महत्त्व टिकून आहे. या गरजेसाठी पाणी खोऱ्याबाहेर घालवणे अपरिहार्य नाही. अहमदनगर (अहिल्यानगर) व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या २५० मेगॅवॉटच्या उदंचन जलविद्युत् प्रकल्पात तेच पाणी दिवसा खाली सोडले जाते व मागणी कमी असताना पंपांनी पुन्हा वर चढविले जाते. भिरा येथेही १५० मेगॅवॉटचा असा संच आहे. पाणी वर चढविण्यास ते खाली येताना मिळते त्याहून अधिक वीज लागते. तथापि या पद्धतीत सह्याद्रीच्या उंचीचा उपयोग होतो व पाणी पूर्वेकडील नद्यांसाठी शिल्लक राहू शकते.

मूल्यमापन : या योजनांनी मुंबई व महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणाचा पाया घातला, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्यांचे परिणाम मात्र एकाच वेळी उघड झाले नाहीत. मुळशीच्या सत्याग्रहाने बुडणाऱ्या जमिनीचा, १९६७ च्या भूकंपाने भूगर्भाचा, लवादाच्या निर्णयाने पूर्वेकडील पाण्याच्या हक्काचा आणि चिपळूणच्या पुरांनी पश्चिमेकडील पात्रांचा प्रश्न पुढे आणला. योजना आखताना यांपैकी कोणत्याही प्रश्नाचा हिशोब मांडला गेला नव्हता. धरणाचा खर्च व विजेची किंमत एवढ्यांचीच तुलना झाली होती. नदीचे पाणी खोऱ्याबाहेर नेताना देणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही नद्यांचा, आजच्या व उद्याच्या गरजांसह एकत्र विचार करणे आवश्यक आहे, हा सह्याद्रीतील शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष होय. वळविलेले पाणी पुन्हा वाटून घेण्याचा निर्णय जितका लांबतो, तितके त्यावर विसंबणारे दोन्ही बाजूंस वाढत जातात आणि तो अधिक अवघड होत जातो.